थकलेलं बिल आणि अडवलेला रुग्ण

'आधी बिल भरा, मग पेशंट न्या' असं ऐकणाऱ्या नातेवाइकाला वाटतं, कायद्यानं रुग्णालयाला तसा हक्क असेलच. तो नाही.

येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवण्याच्या हक्काला धारणाधिकार म्हणतात. 1872च्या भारतीय करार कायद्यात कलम 170 आणि 171 त्यासाठी आहेत. कायद्यानं दिलेलं उदाहरण जवाहिऱ्याचं आहे: पैलू पाडायला दिलेला हिरा मजुरी मिळेपर्यंत तो स्वतःजवळ ठेवू शकतो. कलम 171 मध्ये बँका, अडते, विमा-दलाल अशांची यादी आहे. तीत रुग्णालय नाही. मुळात दोन्ही कलमं मालाबद्दल आहेत आणि माणूस माल नव्हे. अशिलाच्या खटल्याची कागदपत्रं फीसाठी अडवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली वकिलांनाही बजावलं. मग आजारी माणूस अडवायचा हक्क कुठून येणार?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी वेगळी वाट धरली. टेक्सासच्या कायद्यात अपघातानंतर 72 तासांत दाखल झालेल्या जखमीच्या बिलापोटी रुग्णालयाचा हक्क त्याला मिळणाऱ्या नुकसानभरपाईवर बसतो. म्हणजे बोजा चढतो तो पैशावर. रुग्ण घरी जाऊ शकतो.

आपल्याकडे आधी कर्तव्य ठरलं. एका स्कूटरस्वाराला मोटारीनं उडवलं. जवळच्या रुग्णालयानं त्याला घेतलं नाही. पोलीस केस घेण्याची मुभा असलेल्या, सुमारे 20 किलोमीटर लांबच्या रुग्णालयाकडे पाठवलं. वाटेतच तो गेला. ती बातमी घेऊन मानवी हक्क कार्यकर्ते परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, असा निकाल 1989 मध्ये लागला. त्या उपचाराचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. माझ्या मते रुग्ण आणि मृतदेह अडवण्याची अघोरी पद्धत याच मोकळ्या जागेत फोफावली.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयानं 2006 साली धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना घालून दिली: 10 टक्के खाटा निर्धनांसाठी, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी, आणि तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करणं बंधनकारक. 2021च्या शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली. तरी कुणाला डांबलंच, तर तो गुन्हा ठरू शकतो, हे पोलिसांनाही आठवून द्यावं लागतं.

पैशाचं उत्तर आलं ते रस्ते अपघातांपुरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 162 मध्ये 2019 साली कॅशलेस उपचारांची तरतूद झाली. पण योजना निघेना. 8 जानेवारी 2025ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारला मुदत घालून दिली, आणि 5 मे 2025ला ती अधिसूचित झाली. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. आठव्या दिवसाचं बिल पुन्हा घरच्यांच्याच हातात पडतं.