तहानलेले स्प्रूस आणि पाणी तुंबलेले स्प्रूस

स्प्रूस या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या लोंबू लागल्या, सुयांची म्हणजे त्याच्या सुईसारख्या पानांची तकाकी गेली आणि शेंडे मलूल दिसू लागले की बहुतेक जण आधी पाण्याची नळी उचलतात. झाड खरोखरच तहानलेले असेल तर ते योग्यच आहे. पण मुळाशी पाणी तुंबल्यामुळे झाडाने मान टाकली असेल, तर याच उपायाने ते मरते. मातीत पाणीच नसेल तर मुळे शोषणार काय, हे उघड आहे. मात्र मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूअभावी मुळे गुदमरतात आणि भोवती पाणी असूनही त्यांना ते वर पोहोचवता येत नाही. दोन्ही वेळा सुयांचे पाणी तुटते, म्हणून वरून दिसणारी अवकळाही सारखीच असते.

अर्थात लोंबणारी प्रत्येक फांदी आजारी नसते. वसंतात नुकतेच फुटलेले फिकट हिरवे कोंब मऊ असल्यामुळे झुकतातच आणि काही आठवड्यांत कडक होतात. नॉर्वे स्प्रूसच्या मोठ्या झाडाच्या उपफांद्या तर कायमच पडद्यासारख्या खाली सुटलेल्या असतात. मलूलपणा नव्याने आला असेल आणि जुन्या वाढीवरही दिसत असेल, तरच पुढची तपासणी करावी.

पाण्याच्या तुटवड्यात सुया सहसा टोकाकडून तपकिरी होत जातात, आणि उन्हाच्या व वाऱ्याच्या बाजूला, तसेच झाडाच्या वरच्या भागात हे आधी दिसते. पाणी तुंबलेले झाड बहुधा सगळीकडूनच निस्तेज होते, सुया पिवळट पडतात आणि नवी वाढ खुरटते. हा फरक उपयोगाचा असला तरी केवळ त्यावर निर्णय घेऊ नये, कारण जाड मेणचट आवरणाच्या सुया मुळांचे हाल उशिरा दाखवतात. आज दिसणारा तपकिरी रंग काही आठवड्यांपूर्वीच्या कोरडेपणाचा असू शकतो आणि दरम्यान पाऊस पडून माती ओलीही झालेली असू शकते.

खरा निवाडा खुरप्याने होतो. फांद्यांच्या घेराखाली दोन-तीन ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल उकरावे आणि तिथली माती मुठीत दाबून पाहावी. मूठ उघडताच ती भुरभुरत पडली तर झाड तहानलेले आहे. दाबल्यावर पाणी सुटले, मातीला कुबट आंबूस वास आला आणि पाऊस नसतानाही तिला वाफसा येत नसेल, तर दोष निचऱ्याचा आहे. सोबत एखादे बारीक मूळही पाहावे: निरोगी मूळ घट्ट आणि आतून पांढरट असते, तर कुजलेले मूळ काळपट होते आणि चिमटीत धरून ओढले की त्याची साल निसटून आतला दोरा हाती राहतो. नव्याने लावलेल्या झाडाच्या बाबतीत एक फसगत संभवते. भोवतालची माती ओलसर असूनही रोपासोबत आलेला मुळांचा गोळा आतून कोरडा ठणठणीत असू शकतो, म्हणून तोही तपासावा.

तहानेवरचा इलाज सोपा आहे. स्प्रूसची मुळे उथळ आणि दूरवर पसरलेली असतात, म्हणून खोडाशी पाणी ओतण्याऐवजी फांद्यांच्या पूर्ण घेराखाली ते सावकाश मुरू द्यावे आणि वरचा थर सुकल्यावरच पुन्हा द्यावे. लाकडाच्या भुशाचे किंवा सालींचे ५ ते ८ सेंटिमीटर आच्छादन खोडाला न टेकवता पसरावे. खत मात्र या काळात देऊ नये.

तुंबलेल्या पाण्याचे काम चिवट असते. पाणी देणे थांबवून आच्छादन बाजूला सारावे आणि पाणी येते कुठून ते शोधावे: आपोआप चालणारे तुषार सिंचन, छपराचा ओघळ किंवा चिकणमातीत खणलेला आणि हौदासारखे पाणी धरून ठेवणारा लागवडीचा खड्डाच. उतार असेल तर चर काढून पाणी वळवता येते. झाड लहान असेल तर त्याच्या सुप्तावस्थेत ते उचलून, खोड जिथे मुळांकडे रुंदावते तो भाग जमिनीच्या वर राहील एवढ्या उंचीवर पुन्हा लावावे. मोठ्या झाडाला असे उचलणे बहुधा शक्य नसते, आणि मूळकुज बरीच पसरली असेल तर मेलेली मुळे बुरशीनाशकाने परत येत नाहीत. अशा झाडावर खर्च करत राहू नये, असे माझे मत आहे. तपासूनही शंका उरली, तर दोन-तीन दिवस पाणी न देता थांबण्यात धोका कमी आहे.

फक्त मधला शेंडा आकड्यासारखा वाकून वाळला असेल आणि बाकी झाड हिरवेगार असेल, तर हा पाण्याचा प्रश्नच नव्हे. उत्तर अमेरिकेत हे बहुधा व्हाइट पाइन वीव्हिल या सोंडकिड्याच्या सालीखालच्या अळ्यांचे काम असते. प्रौढ किडे बाहेर पडण्याआधी तो शेंडा निरोगी लाकडापर्यंत कापून नष्ट करावा.

तपकिरी झालेल्या सुया पुन्हा हिरव्या होत नाहीत, म्हणून सुधारणा सुयांत न शोधता कळ्यांत शोधावी. नखाने फांदीची साल किंचित खरवडल्यावर आत हिरवा ओलसर थर दिसला आणि कळ्या टणक असल्या, तर फांदी जिवंत आहे. स्प्रूसच्या जुन्या उघड्या लाकडावर सहसा नवे कोंब येत नाहीत; त्यामुळे पुढच्या वसंतातली फूट पाहिल्याशिवाय अशा फांदीवर कात्री चालवू नये.