भिंगरी बसत नाही, हे खरं नाही

‘भिंगऱ्या कधीच कुठे बसत नाहीत, झोपतातही उडताउडताच’ असा मेसेज या छोट्या पक्ष्यांबद्दल वर्षानुवर्षं फिरतोय. भिंगऱ्या बसतात, रोज बसतात. सकाळी रंकाळ्याच्या काठाने चालताना वर तारांकडे बघा. तांबूस टोपी, चमकदार निळी पाठ, गळ्यापासून पोटापर्यंत पांढरंशुभ्र आणि शेपटीतून निघालेल्या दोन बारीक तारा म्हणजे तारवाली भिंगरी. शेपटीच्या तारा तुटलेल्या असल्या तर पांढरा गळा बघायचा, कारण हिवाळ्यात येणाऱ्या माळभिंगरीचा गळा तांबडा असतो. तारवाली पुलाखाली चिखलाची वाटी चिकटवून घरटं करते आणि त्या चिखलासाठी चक्क जमिनीवर उतरते.

गोंधळ बहुधा पाकोळी या पक्ष्यामुळे होतो. जुन्या इमारतींभोवती कलकलाट करत घिरट्या घालणारी ती वेगळीच: काळी, पांढऱ्या कमरेची, विळ्यासारख्या पंखांची. तिचे इवलेसे पाय भिंतीला लटकण्यापुरतेच, त्यामुळे ती तारेवर दिसणार नाही. रात्री मात्र तीही घरट्यात विसावते. दिवेलागणीला वळचणीखाली थांबलात तर आत शिरताना दिसेल.

युरोपात वीण करणारी एक पाकोळी विणीचा काळ सोडला तर महिनोन्‌महिने खरोखरच हवेत राहते, झोपतेही तिथेच. मेसेजमधलं वर्णन तिला लागू पडतं.