घराचे मूल्यांकन

घराचे मूल्यांकन म्हणजे एखादे राहते घर ठरावीक तारखेला खुल्या बाजारात कितीला जाईल, याविषयी तज्ज्ञाने पुराव्यानिशी दिलेले लेखी मत. गृहकर्ज, वाटणी, घटस्फोट, वारसा, कर, भूसंपादनाची भरपाई अशा कामांसाठी ते करून घेतात. विकणारा आणि घेणारा दोघेही राजीखुशीने व पुरेशा माहितीनिशी व्यवहार करत आहेत आणि घर पुरेसा काळ विक्रीला ठेवलेले आहे, असे बाजारमूल्य ठरवताना गृहीत धरतात. नडलेल्या मालकाने घाईने काढलेले किंवा भावाने भावाला दिलेले घर म्हणूनच तुलनेला चालत नाही.

मूल्यांकनकार (बोलण्यात व्हॅल्युअर) मालकीची कागदपत्रे व मंजूर नकाशा पाहतो, घर मोजतो, बांधकामाचे वय व अवस्था नोंदतो, फोटो काढतो. चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि बांधीव क्षेत्र (भिंतींसकट जागा) यांची गल्लत झाली, तर पुढचे सगळे गणित फसते. भिंतीत दडलेली गळकी नळजोडणी मात्र तो शोधत नाही. बांधकामाची तपासणी हे वेगळे काम आहे. पाहुणा यायच्या आधी लावावे तसे घर लावून ठेवल्याने आकडा फारसा हलत नाही.

घरांसाठी मुख्य पद्धत तुलनेची. त्याच परिसरात अलीकडे विकली गेलेली मिळतीजुळती घरे घ्यायची आणि त्यांच्या किमतींत फरकापुरती दुरुस्ती करायची. दुरुस्ती होते ती विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत, आपल्या घराच्या नव्हे. नवशिके नेमके इथेच चुकतात. समजा, शेजारचे घर सहा महिन्यांपूर्वी 100 ला गेले आणि तेव्हापासून भाव 2 टक्के चढले, तर आधी 102 धरायचे. त्याला बंदिस्त पार्किंग आहे, आपल्या घराला नाही, आणि बाजार त्यासाठी 4 मोजतो. म्हणून त्या घरावरून आपल्या घराचा अंदाज 98. इथे 4 हा पार्किंग बांधण्याचा खर्च नव्हे, गिऱ्हाईक त्यापायी जादा देते तो पैसा. हौसेने केलेले महागडे स्वयंपाकघर विकताना बहुधा पूर्ण वसूल होत नाही, ते यामुळेच. असे तीन-चार व्यवहार मांडल्यावर आकडे एकसारखे येत नाहीत. त्यांची नुसती सरासरी काढणे हा आळस झाला. ज्या घराला कमीत कमी दुरुस्त्या लागल्या, त्याला जास्त वजन द्यावे.

खर्च पद्धतीत जमिनीच्या मूल्यात आज तसेच बांधायला येणारा खर्च मिळवतात आणि घसारा, म्हणजे बांधकामाच्या मूल्यात झालेली घट, वजा करतात. घसारा म्हणजे केवळ झीज नव्हे. एका झोपायच्या खोलीतूनच दुसरीत जावे लागणे हा रचनेचा दोष, आणि घराजवळून नवा महामार्ग जाणे हे बाहेरचे कारण. दोन्ही घसाऱ्यातच मोडतात. भाड्याच्या उत्पन्नावरून मूल्य काढण्याची तिसरी पद्धत गुंतवणुकीच्या घरांना लागू पडते.

या व्यवसायाचे दुखणे गणितात नाही, दबावात आहे. कर्ज मंजूर व्हावे असे सगळ्यांनाच वाटत असते आणि ठरलेला भाव मूल्यांकनकाराला बहुधा आधीच ठाऊक असतो. अमेरिकेत 1980 च्या दशकात बचत-कर्ज संस्था बुडाल्या, त्यात फुगवलेल्या मूल्यांकनांचाही हात होता. 1989 च्या कायद्याने संघराज्याशी संबंधित कर्जव्यवहारांत परवानाधारक किंवा प्रमाणित मूल्यांकनकार आवश्यक केला. 2008 च्या आर्थिक अरिष्टानंतर, 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने हव्या त्या आकड्यासाठी त्याच्यावर दबाव आणण्यास मनाई केली. शुल्क आकड्यावर अवलंबून नसावे, हा मूलभूत नियम.

हजारो व्यवहारांच्या नोंदींवरून संगणकही आता क्षणात अंदाज देतो. एकसारख्या सदनिकांच्या वसाहतीत तो बरा चालतो. विजोड घर समोर आले की अडखळतो, कारण आत न डोकावता ओल दिसत नाही. झिलो या अमेरिकी कंपनीने अशा अंदाजांच्या आधारे घरे विकत घेण्याचा धंदा 2021 मध्ये गुंडाळला.

मूल्यांकन ठरलेल्या भावापेक्षा कमी आले, तर बँक सहसा कमी आकड्यावर कर्ज मोजते. मग फरक घेणाऱ्याने खिशातून भरायचा, विकणाऱ्याने भाव उतरवायचा किंवा फेरविचार मागायचा. फेरविचारात ‘हे पटत नाही’ एवढ्यावर भागत नाही. चुकलेले मोजमाप किंवा नजरेतून सुटलेला एखादा जवळचा व्यवहार दाखवावा लागतो.