रेडिओ लहरींना दिशा देण्याची धडपड : रडार आणि अँटेनाची पार्श्वभूमी

रडारच्या इतिहासात बहुतेक श्रेय लहरी निर्माण करणाऱ्या यंत्रांना दिले जाते आणि अँटेना उपेक्षित राहतो. वास्तविक समोरची वस्तू नेमकी कोणत्या दिशेला आहे, हे सांगण्याची रडारची क्षमता प्रामुख्याने अँटेनावरच अवलंबून असते. वस्तूवर आदळून लहर परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते. दिशेसाठी मात्र झोत अरुंद असावा लागतो आणि झोताची रुंदी तरंगलांबी व अँटेनाचा आकार यांच्या गुणोत्तरावर ठरते; अँटेनाच्या मानाने लहर जितकी आखूड, तितका झोत अरुंद.

हाइनरिख हर्ट्झ यांनी कार्ल्सरूह येथे १८८८ मध्ये जस्ताचा दोन मीटर उंच पत्रा अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकारात वाकवून सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीच्या लहरी एका दिशेने सोडल्या, तेव्हाच हे तत्त्व हाती आले होते. पुढे मार्कोनी यांच्या काळात दूरवर संदेश पोहोचवण्यासाठी लांबच लांब लहरींचा वापर सुरू झाला. उंच मनोरे आणि पसरलेल्या तारा आल्या आणि अरुंद झोताचा विचार बाजूला पडला. ख्रिस्तियान ह्युल्समायर यांनी १९०४ मध्ये परावर्तित लहरींवरून जहाज ओळखणारे उपकरण कोलोन येथे करून दाखवले, परंतु त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही.

अँटेनाच्या इतिहासातील सर्वांत सुबक कल्पना जपानमधील सेंदाईची. तोहोकू विद्यापीठात शिंतारो उडा यांनी हिदेत्सुगु यागी यांच्या मार्गदर्शनाखाली केलेले काम १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. या रचनेत वीज एकाच दांडीला जोडलेली असते. तिच्या मागे किंचित लांब आणि पुढे किंचित आखूड दांड्या ठरावीक अंतरावर नुसत्या उभ्या केलेल्या असतात. मुख्य दांडीच्या लहरींमुळे या दांड्यांतही प्रवाह निर्माण होतो आणि त्या स्वतः लहरी सोडू लागतात. लांबीतील त्या किंचित फरकामुळे या लहरी पुढच्या दिशेला एकमेकींना बळ देतात व मागच्या दिशेला एकमेकींना खोडून काढतात. छपरावरचा माशाच्या काट्यासारखा टीव्हीचा अँटेना याच घराण्यातला. यागी यांनी १९२८ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या लेखामुळे तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. प्रयोगांचा मुख्य भार वाहणाऱ्या उडा यांचे नाव मागे पडले, हा त्यांच्यावर अन्यायच होय. खुद्द जपानी लष्कराने या शोधाकडे इतके दुर्लक्ष केले की, १९४२ मध्ये सिंगापूर जिंकल्यावर ब्रिटिशांच्या टिपणांतील ‘यागी’ हे एका जपानी प्राध्यापकाचे नाव असल्याचे तेथील जपानी तंत्रज्ञांना एका युद्धकैद्याकडून कळले.

ब्रिटनमध्ये २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी डॅव्हेन्ट्रीजवळ बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाच्या साहाय्याने विमानाचा माग काढला. त्यातून किनाऱ्यावर ‘चेन होम’ ही केंद्रांची साखळी उभी राहिली. तिची तरंगलांबी दहा मीटरांहून अधिक असल्याने अरुंद झोत शक्यच नव्हता. सुमारे ११० मीटर उंच पोलादी मनोऱ्यांवरून समोरचा सारा टापू लहरींनी भरून टाकायचा आणि परतलेल्या लहरी टिपणाऱ्या अँटेनांमधील संकेतांची तुलना करून दिशा काढायची, अशी तिची पद्धत होती.

फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन ही आखूड लहरी निर्माण करणारी निर्वात नळी चालवून दाखवली आणि सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी मोठ्या शक्तीने मिळू लागल्या. या लहरींसाठी एक मीटर व्यासाची तबकडी सुमारे सात अंशांचा झोत देते. दहा मीटरच्या लहरींसाठी तेवढ्याच झोताला शंभर मीटरची तबकडी लागली असती. विमानाच्या नाकात मावणारे अचूक रडार शक्य झाले ते या गणितामुळे. अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेत १९३६ मध्येच विकसित झालेला डुप्लेक्सरही येथे मोलाचा ठरला, कारण त्यामुळे लहर सोडणे आणि परतलेली लहर टिपणे ही दोन्ही कामे एकाच अँटेनाला करता येऊ लागली.

तबकडी फिरवावी लागते, ही अडचण मात्र उरली होती. तिचे उत्तर कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्येच तीन अँटेना त्रिकोणात मांडून सुचवले होते. प्रत्येक अँटेनाला मिळणाऱ्या प्रवाहाची फेज, म्हणजे त्याच्या चढउताराची वेळ, थोडी मागेपुढे केली की, अँटेना जागचा न हलताही झोत वळतो. हजारो घटकांची फेज झटपट बदलणारी इलेक्ट्रॉनिक्स नंतर आली आणि मोठ्या संरक्षण रडारांत ही पद्धत रुळली. आता मोटारींत ७७ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे चार मिलिमीटर लांबीच्या लहरींवर चालणाऱ्या रडारचे अनेक अँटेना छोट्याशा सर्किट बोर्डावरच छापलेले असतात.