मृगातली हिरवी रेषा आणि पुण्याची गच्ची

पुण्यातल्या गच्चीवरून तेजोमेघाचे, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायू-धुळीच्या ढगाचे, फोटो काढणारे बरेच जण कॅमेऱ्यापुढे ऑक्सिजनचा फिल्टर लावतात. ५००.७ नॅनोमीटरची हिरवट रेषा, म्हणजे तेजोमेघाच्या उजेडातला एक ठरावीक रंग, आत येते, शहराचा उजेड बराचसा बाहेर राहतो. या रेषेचं पुण्याशी जुनं नातं आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे याची मला खंत वाटते.

१८६४ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या उजेडात, ही रेषा दिसली. ती कुणाची हे कळेना. त्यांचेच समकालीन नॉर्मन लॉकियर म्हणत, हा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे. १८९१ मध्ये कावसजी दादाभाई नाएगमवाला यांनी पुण्यातून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासून दाखवलं, की रेषा प्रत्येक वेळी रेखीवच दिसते. म्हणजे पट्ट्याच्या अवशेषासारखी पसरट नाही, आणि लॉकियर यांचं म्हणणं टिकत नाही. नाएगमवाला कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत, शिकवत. भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून तिथे वेधशाळा उभी राहिली होती. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये सांगितलं.

फोटोंची सुरुवात त्याआधीची. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटं फोटोची काच उघडी ठेवून मृगातला तेजोमेघ टिपला. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन यांनी लंडनजवळच्या ईलिंगमधल्या घराच्या बागेतून त्याहून सरस फोटो काढला. घरून काढलेला!

हवेची तक्रार तर न्यूटनपासूनची. हवा सतत थरथरते, उपाय एकच, उंच डोंगरावरची शांत हवा, असं त्याने १७०४ मध्येच लिहून ठेवलंय. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण गिरवलीच्या डोंगरावर आहे. गच्चीवाल्याला डोंगर कुठला? त्याच्या पायाखाली दिवसभर तापलेला स्लॅब असतो. त्यातून वर येणारी ऊब प्रतिमा हलवते, आणि दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेइतका निवेपर्यंत नळीतली हवाही नाचत राहते.

तरी तेजोमेघ ग्रहांइतका छळत नाही. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉनचा एक पिक्सेल आकाशातल्या जवळजवळ २ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) व्यापतो. हवेचा बराचसा थरकाप त्यातच जिरतो. तारे मात्र फुगतात, आणि मृगातल्या तेजोमेघाचा झगझगीत गाभा पुसट होतो. म्हणून गाभ्यासाठी काही सेकंदांच्या शेकडो फ्रेम घ्यायच्या, फिसकटलेल्या टाकून उरलेल्या स्टॅक करायच्या, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो करायचा. बाहेरच्या अंधुक पदरांना लांब एक्स्पोजर चालतं.

आणि वेळ साधायची. पुण्यातून हा तेजोमेघ मध्यमंडलावर, म्हणजे रात्रीच्या वाटेतल्या सर्वांत उंच जागी, आला की सुमारे ६६ अंश उंच असतो, म्हणजे वाटेत हवा सर्वांत कमी. डिसेंबरच्या मध्यात हे मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात घडतं. तोवर स्लॅबही बराच निवलेला असतो.