जीवाणूजन्य लैंगिक संसर्ग (मराठवाडा)

जीवाणूजन्य लैंगिक संसर्ग : मुख्यतः शरीरसंबंधातून पसरणारे जीवाणूंचे आजार. उपदंश (गरमी), परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया हे त्यांतले नेहमी आढळणारे. वेळेवर योग्य प्रतिजैविक मिळाले तर हे आजार पूर्ण बरे होतात. एचआयव्हीबाबत असे म्हणता येत नाही. तरीही मराठवाड्यात ‘गुप्तरोग’ या नावाखाली ते लपवले जातात, अंगावर काढले जातात, आणि खरे नुकसान त्या उशिराने होते.

परम्याचा जीवाणू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला. संसर्गानंतर बहुधा दोन ते सात दिवसांत पुरुषाला लघवीला जळजळ होते आणि पू येतो. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे ही जळजळ ‘उन्हाळी लागली’ म्हणून खपून जाते. धने-जिऱ्याचे पाणी पिऊन माणूस वाट पाहतो. उन्हाळीत पू येत नाही, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ. मेडिकलमधून परस्पर दोन-चार गोळ्या घेणे याहून वाईट, कारण परम्याचा जीवाणू सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अनेक जुन्या औषधांना आता दाद देत नाही.

उपदंशाची फसवणूक वेगळी. साधारण तीन आठवड्यांनी गुप्तांगावर एक टणक व्रण येतो. तो दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, त्यामुळे आजार गेला असे वाटते. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उठते, तेही मावळते, आणि जीवाणू वर्षानुवर्षे शरीरात राहून मेंदू, हृदय व डोळ्यांपर्यंत पोचू शकतो. व्हीडीआरएल ही साधी रक्तचाचणी उपदंश पकडते. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. दुखरा व्रण आणि जांघेतली बद (सुजलेली गाठ) ही मृदुव्रण या वेगळ्या जीवाणूजन्य आजाराची लक्षणे. तो आता क्वचितच दिसतो.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण क्लॅमिडिया आणि परमा त्यांच्यात बहुतेकदा लक्षणांशिवाय राहतात. संसर्ग गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढला की ओटीपोट दुखते, नळ्या बंद होतात, गर्भ नळीतच राहण्याचा धोका वाढतो, मूल राहत नाही. मग बोल बाईलाच लागतो, नवऱ्याची तपासणीही न होता. अंगावरून पांढरे जाणे, म्हणजे धुपणी, हे मात्र दर वेळी लैंगिक आजाराचे लक्षण नसते. योनीतील नेहमीच्या जीवाणूंचा समतोल बिघडल्याने किंवा बुरशीमुळेही ती होते. म्हणूनच तपासणीशिवाय निष्कर्ष काढू नये.

बीड, जालना, धाराशिवकडची ऊसतोड जोडपी दिवाळीच्या सुमारास निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. कोपीत (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) शौचालय नाही, आशाताई गावाकडेच राहिलेली, दवाखान्यात जायचे तर खाडा धरून पैसे कापले जातात. पांढरे जाणे आणि ओटीपोटातले दुखणे अशा तक्रारींवरून कित्येकींना गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाला. २०१९ मध्ये राज्य शासनाने यावर समिती नेमली. बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. संसर्ग असेल तर त्यावर आधी औषधे द्यायची असतात, पिशवी काढणे हा त्यावरचा पहिला उपाय असूच शकत नाही.

जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने मोफत, गोपनीय तपासणी होते. राष्ट्रीय कार्यक्रमात लक्षणांनुसार रंगीत औषधसंच ठरलेले आहेत : मूत्रमार्गाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या स्रावासाठी करडा, व्रणासाठी पांढरा, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळा. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. उपचार दोघांनीही घ्यावे लागतात. एकानेच घेतले तर संसर्ग परत येतो. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत. निरोध नीट वापरल्यास धोका बराच कमी होतो.

गरोदरपणातील उपदंशावर उपचार झाले नाहीत, तर मृत मूल जन्मणे किंवा बाळाला जन्मजात उपदंश होणे शक्य असते. गरोदर स्त्रीसाठी पेनिसिलिन हाच खात्रीचा इलाज, आणि तो प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू व्हावा लागतो. नावनोंदणी गावात आणि बाळंतपण फडाजवळ, अशी वेळ आलेल्या बाईने रक्ताचा रिपोर्ट व माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना चाचणी झाली की नाही हे लगेच कळते.