चक्रीवादळ ओसरल्यानंतरचे आजार : बंगालच्या उपसागराचा अनुभव

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील भोला बेटावर आणि मेघना नदीच्या मुखाजवळच्या चरांवर (गाळाने बनलेल्या सखल बेटांवर) समुद्र चढून आला आणि अंदाजे तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ढाक्याच्या कॉलरा रिसर्च लॅबोरेटरीतील आल्फ्रेड सॉमर आणि वायली मोस्ली यांनी केलेल्या पाहणीत एक खूण पुन्हा पुन्हा आढळली. वाचलेल्यांची छाती, दंडांच्या आतल्या बाजू आणि मांड्या सोलवटून निघाल्या होत्या, कारण त्यांनी ती रात्र झाडाच्या खोडाला घट्ट मिठी मारून काढली होती. ज्यांच्या हातांत तेवढे बळ नव्हते ती मुले, वृद्ध आणि स्त्रिया मोठ्या प्रमाणात बुडाली. गंभीर जखमींची संख्या मात्र कमी होती, आणि शस्त्रक्रियेच्या पथकांपेक्षा अन्न, निवारा व पाणी यांची निकड कितीतरी मोठी होती. वादळानंतरच्या वैद्यकीय मदतीचा विचार करताना ही गोष्ट आजही पुरेशी लक्षात घेतली जात नाही, असे मला वाटते.

पिण्याचे पाणी दूषित झाले की जुलाब आलेच. त्यावरचा सर्वांत मोठा उपाय याच प्रदेशात सिद्ध झाला. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धातील निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी रुग्णांना नातेवाइकांच्या हातून पाजण्याची व्यवस्था केली. त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. १९८० पासून ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशात घरोघरी जाऊन आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण करायला शिकवू लागल्या. रस्ते तुटून दवाखाना गाठणे अशक्य होते, तेव्हा हे घरातले ज्ञानच जीव वाचवते.

२९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळाने ओडिशात सुमारे दहा हजार बळी घेतले. त्यानंतर तिथे लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य तापाची, साथ आढळली. २००५ च्या महापुरानंतर मुंबईनेही हाच आजार अनुभवला. ओडिशाच्या किनारपट्टीवरील मुलांच्या मनावर वादळाने झालेल्या आघाताचा अभ्यासही पुढे झाला.

मे २००९ च्या आयला चक्रीवादळाने सुंदरबनचे बांध फोडले आणि खारे पाणी शेतांत व गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिरून राहिले. या खारेपणाची झळ आठवड्यांत नव्हे, वर्षांत मोजावी लागते. बांगलादेशच्या खुलना जिल्ह्यातील दाकोप येथे खारट पाणी पिणाऱ्या गर्भवती स्त्रियांमध्ये रक्तदाबाचे विकार, विशेषतः कोरड्या ऋतूत, अधिक आढळल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे.

ओडिशात आता वादळ येण्याआधीच बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रियांना रुग्णालयांत हलवतात. २०२४ च्या दाना वादळाआधी अशा हजारो स्त्रियांना हलवण्यात आले आणि त्यांतील अनेकींची बाळंतपणे तिथेच सुखरूप पार पडली.